हृदयाला छिद्र आहे, पण आता ऑपरेशन होणार नाही असं डॉक्टर म्हणतात. दुसरीकडे नेऊन करून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की पत्नी २६ वर्षांच्या आहेत, लग्नाला आठ महिने झालेत. जिना चढताना धाप लागते म्हणून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, तर व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, निघाला. फुप्फुसाच्या धमनीतला दाब ९५, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, ८४ टक्के. डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिला, दिवस राहू देऊ नका असंही सांगितलं. आणि घरचे म्हणतायत, मोठ्या शहरात नेऊन छिद्र बुजवून आणा.

मी डॉक्टर नाही. माझ्या धाकट्या बहिणीला हेच आहे आणि तिची फाईल सतरा वर्षं मी सांभाळतेय. कुणी छिद्र बुजवायला तयार झालं, तरी लगेच तारीख घेऊ नका, हे आधी सांगते.

लहानपणी या भोकातून डाव्या कप्प्यातलं रक्त उजवीकडे आणि तिथून फुप्फुसात लोटत राहतं. वर्षानुवर्षं तो लोंढा सोसून फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या जाड आणि कडक होतात. मग उजवीकडचा दाब इतका चढतो की प्रवाह उलटतो, अशुद्ध रक्त थेट अंगभर जातं. ओठ-नखं निळसर दिसतात, बोटांची टोकं फुगतात. ऑस्ट्रियाच्या व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ मध्ये असा रुग्ण नोंदवला, म्हणून याला आयझेनमेंगर सिंड्रोम म्हणतात. या अवस्थेत ते भोक धरणाच्या सांडव्याचं काम करत असतं. ते बुजवलं तर सगळा ताण उजव्या कप्प्यावर येतो आणि तो खचतो. डॉक्टरांचा नकार यासाठी असतो.

पण तुमच्याकडे आत्ता फक्त इको आहे, आणि इकोतला दाब हा अंदाज असतो. शिवाय दाब जास्त असणं वेगळं आणि रक्तवाहिन्या कडक होणं वेगळं. नुसता प्रवाह जास्त असला तरी दाब वाढतो. खरा निकाल लागतो तो फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या रक्ताला किती अडथळा करतात त्यावर, आणि तो कॅथ करूनच, म्हणजे शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, मोजतात. त्याचं माप वुड युनिट. साधारण ३ च्या आत असेल तर छिद्र बंद करण्याचा विचार होतो, ३ ते ५ मध्ये अनुभवी टीम एकेका रुग्णाचं बघून ठरवते, त्याच्या वर सहसा हात लावत नाहीत. ८४ सॅच्युरेशन ऐकून मला फार आशा दाखवता येत नाही. तरीही जन्मजात हृदयदोषांचा स्वतंत्र विभाग असलेल्या ठिकाणी एकदा दाखवा आणि हा आकडा विचारा.

ऑपरेशन नाही म्हणजे उपचार नाहीत, असं मात्र समजू नका. आम्ही पहिलं वर्ष याच गैरसमजात घालवलं, त्याची अजून हळहळ वाटते. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल आणि बोसेन्टानसारख्या गोळ्यांनी चालण्याची ताकद वाढते. सिल्डेनाफिल म्हणजे व्हायग्रातलंच औषध, त्यामुळे बहिणीला ते दुकानात मागायची लाज वाटायची, मग मी जायला लागले. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल चालू असताना सॉर्बिट्रेट चालत नाही, रक्तदाब धोकादायक खाली जातो. छातीत दुखलं की जिभेखाली गोळी ठेवायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून हे सगळ्यांना सांगून ठेवा. बोसेन्टानवर दर महिन्याला लिव्हरची तपासणी लागते.

रक्ताबद्दल आम्ही फार मोठी चूक होऊ दिली. ऑक्सिजन कमी म्हणून शरीर जास्त रक्त बनवतं, हिमोग्लोबिन २० च्या वर जातं. आमच्याकडच्या एका डॉक्टरांनी आकडा बघून दर तीन महिन्यांनी बाटलीभर रक्त काढलं. तिचं लोह संपलं, थकवा दुप्पट झाला. नंतर कळलं की डोकं जड होणं, नजर धूसर होणं असा खरा त्रास असेल आणि अंगात पाणी पुरेसं असेल, तरच रक्त काढतात, तेही तितकंच सलाईन देऊन. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. उन्हाळ्यात किंवा जुलाब झाल्यावर पाणी कमी पडू देऊ नका.

बाळाचं लिहिणं मला जड जातंय. या आजारात गरोदरपण आईच्या जिवावर बेततं. जुन्या नोंदींत दर तीन-चार जणींमागे एक तरी दगावलेली दिसते, आणि आजही डॉक्टर ठाम नकोच म्हणतात. बोसेन्टानने गर्भालाही इजा होते, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम त्यामुळे कमी होतो. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी गुठळीची भीती असते, ती वेगळीच. कोणता उपाय करायचा ते हृदयाच्या आणि स्त्रीरोगाच्या डॉक्टरांना मिळून ठरवू द्या. नसबंदी करायचीच ठरली तर ती तुमची व्हावी, पत्नीला भूल द्यायला लागणं हाही धोकाच आहे. आणि घरच्यांना "नातवंड का नाही" याचं उत्तर तुम्ही द्या, पत्नीवर सोडू नका.

बहिणीच्या पर्समध्ये एक कागद कायम असतो, तसा करून घ्या. त्यावर आजाराचं नाव, रोजच्या गोळ्या, नेहमीचं सॅच्युरेशन (नाहीतर ८४ बघून नवखे डॉक्टर घाबरतात), सॉर्बिट्रेट नको, सलाईनच्या नळीत हवेचा एकही बुडबुडा नको कारण तो थेट मेंदूत जाऊ शकतो, दात काढण्याआधी अँटिबायोटिक, आणि तुमचा फोन नंबर.