शाळेच्या दारातला डिटेक्टर आणि मित्राच्या घरातला खण

“मावशी, आमच्या मुलाच्या पब्लिक स्कूलमध्ये मेटल डिटेक्टर बसवायचे का, यावर स्कूल बोर्डाची मीटिंग आहे. हे म्हणतात, बसवायलाच हवेत. मला मात्र रोज झडती देऊन वर्गात जाणारं लेकरू डोळ्यांसमोर येतं. रात्र रात्र झोप लागत नाही,” असं तू व्हर्जिनियातून लिहिलंस.

अगं, झोप उडणारच. तुमच्याच राज्यात, न्यूपोर्ट न्यूज शहरात, २०२३च्या जानेवारीत सहा वर्षांच्या मुलाने पहिलीच्या वर्गात बाईंवर गोळी झाडली, आणि मग तिथल्या शाळांच्या दारांत डिटेक्टर आले. यंत्राने दप्तरातलं एक पिस्तूल जरी अडवलं, तरी मी हात जोडेन. माझ्या भाचीच्या हायस्कुलात हे रोजचंच आहे. स्टीलच्या डब्याने यंत्र वाजतं, मग पोळीभाजी उघडून दाखवायची, तोवर मागे रांग. महिनाभरात पोरीला सवय झाली. तेव्हा नवऱ्याशी भांडू नकोस. मीटिंगला दोघं जा आणि विचारा, सकाळी यंत्रापाशी माणसं किती असणार, बाकीची दारं कोण बघणार.

पण या यंत्राची धाव शाळेच्या दारापर्यंतच. मिनेसोटात रेड लेकच्या शाळेत २००५ साली डिटेक्टर होता, रखवालदारही होता. बंदुका घेऊन आलेल्या मुलाने आधी त्या रखवालदारालाच मारलं. आणि न्यूपोर्ट न्यूजचं ते पिस्तूल कुणाचं? मुलाच्या आईचं, घरातलं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं रक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसने २०१९मध्ये शाळांतल्या हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंदूक वापरणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातलगाच्या घरातूनच उचलली होती.

म्हणून तुझ्या शेवटच्या ओळीशी मी थांबले. “पुढच्या महिन्यात तो मित्राकडे स्लीपओव्हरला जाणार आहे, तिथे जेवणाचं काय करू?” जेवणाचं! अंडं चालतं, बीफ नको, हे तू त्या आईला बिनदिक्कत कळवशील. घरात बंदूक आहे का, हे विचारायला मात्र जीभ रेटत नाही, हो ना? आपण बाहेरून आलेलो, त्यांना काय वाटेल! ही भीड मीही बाळगली होती.

माझा धाकटा तेव्हा चौथीत. वरणभात कालवता कालवता म्हणाला, “आई, त्याच्या बाबांच्या मोज्यांच्या खणात पिस्तूल आहे. आम्ही हातात घेऊन बघितलं.” तुपाचा चमचा माझ्या हातात तसाच राहिला. त्या घरी पोरगा दोन वर्षं जात होता, आणि मी फक्त शेंगदाण्याच्या ॲलर्जीची चौकशी केली होती. फोन केला तेव्हा माझा आवाज कापत होता. पलीकडची आई क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, “त्यांना ते सापडलंय, हे मला ठाऊकच नव्हतं.” त्याच आठवड्यात त्यांनी कुलपाची पेटी आणली. आमचं येणंजाणं आजही आहे.

इथले बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात: घरात बंदूक असलीच, तर ती रिकामी आणि कुलपात हवी, गोळ्या वेगळ्या कुलपात. तू जेवणाच्या मेसेजमध्येच पुढे लिही, “घरात बंदूक असेल तर ती कुलपात असते ना? मी सगळ्यांनाच विचारते.” आणि खरंच सगळ्यांना विचार, गणपतीला जमतो त्या आपल्या मराठी घरांतही. उत्तर आलं नाही, तर दोघा पोरांना तुझ्याकडे झोपायला बोलाव.

रविवारच्या मराठी शाळेला तो कंटाळतो म्हणतेस. कंटाळू दे, पाठवत राहा. सासूबाईंच्या सहा महिन्यांच्या मुक्कामाबद्दल पुन्हा कधीतरी. आधी तो मेसेज पाठव, आणि त्या आईने काय उत्तर दिलं ते मला कळव.