वाचकांचे प्रश्न : ‘बेस्तिया’ पोलिश कसा?

प्रश्न : दादरच्या एका फिल्म सोसायटीत १९१७ चा ‘बेस्तिया’ हा मूकपट पाहिला. परिचयपत्रकात त्याला पोलिश म्हटले होते; पण पडद्यावरच्या साऱ्या पाट्या इंग्रजीत होत्या आणि त्या वर्षी पोलंड हे स्वतंत्र राष्ट्रच नव्हते. मग हा चित्रपट पोलिश कसा?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : पोलंड स्वतंत्र झाला तो नोव्हेंबर १९१८ मध्ये. ‘बेस्तिया’ प्रदर्शित झाला तेव्हा वॉर्सा शहर जर्मन फौजांच्या ताब्यात होते आणि त्याआधी तेथे रशियन झारची सत्ता होती, हे खरेच. परंतु चित्रपट काढणारी ‘स्फिंक्स’ ही कंपनी वॉर्सातली, तिचे चालक अलेक्सांदर हेर्त्स हेच दिग्दर्शक आणि नायिका पोला नेग्री लिप्नो या पोलिश गावात जन्मलेली. गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात १९१३ मध्ये लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’ इंग्रजी अमलात निघाला, म्हणून त्याला कोणी इंग्रजी चित्रपट म्हणत नाही!

पाट्यांचा उलगडा अधिक रंजक आहे. पोला नेग्री १९१७ मध्येच बर्लिनला गेली, तेथील चित्रपटांनी तिचे नाव जगभर झाले आणि त्या नावाच्या जोरावर तिचा हा जुना चित्रपट १९२१ मध्ये अमेरिकेत ‘द पोलिश डान्सर’ म्हणून दाखवण्यात आला. मूकपटात भाषा केवळ पाट्यांपुरती असल्याने त्या कापून दुसऱ्या भाषेतल्या जोडल्या की काम भागत असे. आज उपलब्ध असलेली प्रत ही अमेरिकी आवृत्तीचीच आहे. चटकन पेट घेणारी नायट्रेटची फीत आणि दुसऱ्या महायुद्धात झालेला वॉर्साचा विध्वंस यांमुळे त्या काळचे बहुतेक पोलिश मूकपट नष्ट झाले. नेग्रीने पोलंडमध्ये केलेल्या कथापटांपैकी तर एवढा एकच उरला. हेन्रिक शारो यांचा १९२९ चा ‘मोत्स्नी च्वोव्येक’ हाही असाच हरवला होता, तो पुढे बेल्जियममध्ये सापडला. परदेशी विकला गेला म्हणून चित्रपट वाचला, असे या दोघांच्या बाबतीत म्हणावे लागते.

पाट्या परक्या असल्या तरी कथेचे मर्म त्यांवाचूनही पोहोचते. घरातून पळालेली नायिका (तिचेही नाव पोलाच) आपल्या साथीदाराला, दिमित्रीला, हॉटेलात दारू पाजून त्याचे पैसे उचलते आणि ते परत करीन अशी चिठ्ठी मागे ठेवते. पुढे ती नर्तकी होते, एका विवाहित गृहस्थाचा संसार तिच्यापायी मोडतो आणि दिमित्रीचा सूड तिला गाठतो. शेवट भडक आहे. मात्र त्या चिठ्ठीमुळे नायिका निव्वळ खलस्त्री ठरत नाही, आणि नेग्रीचा अभिनय या दुहेरीपणावरच उभा आहे. फिल्म सोसायटीने पत्रकात ‘अमेरिकी आवृत्ती’ एवढे दोन शब्द छापले असते, तर प्रेक्षकांचा घोटाळा टळला असता.