म्हैसमाळ उतरलास, आता आल्प्स

म्हैसमाळचा घाट सायकलवर उतरता येतो म्हणून आल्प्सही जमेल, हा हिशेब जरा थांबव. जमेल, पण दोन गोष्टी उलट्या आहेत. तिकडं वाहतूक उजवीकडून, आणि जर्मनी-इटलीत पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला. आपल्याकडं तो उजव्या. घाबरल्यावर हात जुन्याच सवयीनं आवळतो. मी तिकडं नोकरीला होतो तेव्हा पहिल्याच दिवशी मागचा समजून पुढचा दाबला आणि कोपर सोलून घेतलं. सायकल भाड्यानं घेतली की आधी सपाटीवर अर्धा तास नुसते ब्रेक मारत फिर.

उन्हाळ्यात मित्रांसोबत इटलीतला स्टेल्व्हिओ घाट म्हणतोस. २,७५७ मीटर उंची, प्रातो गावाच्या बाजूनं ४८ वळणं. वेग वळणाच्या आधीच कमी कर. वळणात ब्रेक आवळला की चाक घसरतं. आतल्या बाजूचं पायडल वर, नजर वळण संपतं तिथं. दरीकडं बघितलंस तर सायकल तिकडंच ओढ घेते, लई वाईट खोड! रिम ब्रेक, म्हणजे चाकाची कड (रिम) दाबणारे, असतील तर सतत धरून ठेवू नको, रिम तापते. दाब, सोड, दाब.

विंडचीटर विसरू नको. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात वाढलेल्याला खरं वाटत नाही, पण चढताना घामेजलेलं अंग उतरताना गारठतं, बोटं ब्रेकवर वळत नाहीत.

मित्र पुढं गेले तर जाऊ दे, खाली थांबतील.

दिवाळीला आलाच आहेस, तर रविवारी पहाटे खुलताबादहून म्हैसमाळ चढू. उतरताना मी तुझ्या मागं राहतो.