प्लॅनिंगची नोकरी: चाकण, भिवंडी की नागपूर?

प्रश्न: भिवंडीच्या गोदामात तीन वर्षे सुपरवायझर आहे. चाकणला प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये घेतील का?

थेट घेतील असं वाटत नाही. गोदामात माल कुठे पडलाय ते सांगता आलं की भागतं. प्लॅनिंगमध्ये तळेगाव-चाकण रस्त्यावर ब्रॅकेटची (एक सुटा भाग) गाडी अडकली, तर सकाळच्या शिफ्टला लाइनवर दुसरं काय चढवायचं, हे दहा मिनिटांत ठरवावं लागतं. आधी सुटे भाग पुरवणाऱ्या एखाद्या व्हेंडरकडे स्टोअर्स किंवा डिस्पॅच धरा. राजीनामा टाकण्याआधी त्या खात्यातल्या एखाद्या माणसाशी बोला.

प्रश्न: एसएपी (साठा-उत्पादनाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर) यायलाच हवं का?

मोठ्या कंपनीत हवं. एक्सेल सगळीकडेच हवं.

प्रश्न: वाढवण बंदरात हजारो नोकऱ्या येणार म्हणून एक इन्स्टिट्यूट 45 हजारांत लॉजिस्टिक्सचा कोर्स देतेय, नोकरीची हमीही आहे. घ्यावा का?

हाच प्रश्न दर आठवड्याला येतो, म्हणून आज सविस्तर. वाढवणचं भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 ला झालं. प्रकल्प 76 हजार कोटींच्या घरातला आहे, पण बंदर अजून उभं राहायचंय. तिथं बोट लागेपर्यंत तुमचं सर्टिफिकेट फाइलमध्ये पिवळं पडेल. आणि हमी कसली? तीन इंटरव्ह्यू लावून दिले की यांची हमी संपते. करारात ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ लिहिलंय की ‘नोकरी’, ते वाचा. नोकरी न लागल्यास फी परत, असं लेखी मागा. समोरचा लगेच चहा मागवायला लागतो. मागच्या बॅचमधल्या दोघांचे नंबर घ्या आणि ते आज कुठं आहेत ते स्वतः विचारा. बंदराचंच काम शिकायचं असेल, तर न्हावा शेवा 1989 पासून चालू आहे. उरण-पनवेलच्या सीएफएसमध्ये (बंदराबाहेरचं कंटेनर गोदाम) किंवा आयात-निर्यातीचे कागद करणाऱ्या कस्टम्स ब्रोकरकडे सहा महिने कागद फिरवा. पगार थोडा मिळेल, पण खिशातून तरी काही जाणार नाही. कर्ज काढून फी भरणार असाल, तर आधी घरच्यांशी आणि बँकेत बोला.

प्रश्न: पुण्यात शेड्यूलर (कोणतं उत्पादन कधी काढायचं ते ठरवणारा) आहे, नागपूरला परतायचंय. वाव आहे का?

आहे, पण पुण्याइतका नाही. बुटीबोरी आणि मिहान ही औद्योगिक क्षेत्रं आणि गोदामं, तिन्हीकडे अर्ज टाका. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण 701 किलोमीटर खुला झाला, म्हणून पुण्याचा पगार तिथं मिळेल, हे मात्र कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर सोडलेलं आहे. पगार कमी धरूनच घरचा हिशेब मांडा.

प्रश्न: ऑफर लेटर कंपनीचं नाही, कंत्राटदाराचं आहे. सही करू?

पीएफ, नोटीस पीरियड आणि मुदत वाचल्याशिवाय नाही. पत्र कामगार कायद्याच्या सल्लागाराला दाखवा, तेही आजच. रुजू झाल्यावर दाखवून उपयोग नाही.