तीव्र स्वर, तीव्र ध्वनी, तीव्र प्रकाश

एका वाचकांनी विचारले आहे की, विज्ञानाच्या पुस्तकात 'ध्वनीची तीव्रता' म्हणजे आवाजाचा लहानमोठेपणा असतो, तर संगीतात 'तीव्र मध्यम' हा शुद्ध मध्यमाहून वरचा स्वर असतो. मग 'तीव्र' म्हणजे मोठा की वरचा, आणि 'तीव्र प्रकाश' म्हणताना यांपैकी कोणता अर्थ घ्यायचा?

दोन्ही प्रयोग बरोबर आहेत, मात्र ते लहरीच्या दोन वेगळ्या मापांविषयी बोलतात. सेकंदाला किती कंपने होतात ही लहरीची वारंवारता. काही ठिकाणी तिलाच कंप्रता म्हटलेले आढळते. प्रत्येक कंपनात हवेचे कण मूळ जागेपासून जास्तीत जास्त किती दूर सरकतात, तो ध्वनिलहरीचा आयाम. संगीतातला 'तीव्र' हा शब्द यांपैकी वारंवारतेशी बांधलेला आहे. षड्ज 240 हर्ट्झचा धरला, तर शुद्ध मध्यम 320, तीव्र मध्यम साधारण 338 आणि पंचम 360 हर्ट्झवर येतो. हा तीव्र मध्यम कुजबुजल्यासारखा हळू लावला, तरी तो तीव्रच राहतो. भौतिकशास्त्रातल्या तीव्रतेचा संबंध ऊर्जेशी आहे. लहरीच्या वाटेत आडव्या धरलेल्या एक चौरस मीटर क्षेत्रातून दर सेकंदाला जितकी ऊर्जा पार होते, तितकी त्या लहरीची तीव्रता. ती वॅट प्रति चौरस मीटर या एककात मोजतात. वारंवारता तीच ठेवून आयाम दुप्पट केला की तीव्रता चौपट होते, आणि तीव्रता दसपट झाली की ध्वनीची पातळी 10 डेसिबलने वाढते.

हा भेद नादकाट्यावर जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कुठे दिसत असेल. काटा रबरी ठोकळ्यावर हलकेच आपटून कानाशी धरावा, मग तोच काटा थोडा जोराने आपटावा. दुसऱ्या वेळी आवाज मोठा येतो, पण स्वर जागचा हलत नाही. काट्याच्या भुजांचा झोका रुंदावलेला असतो, तरी सेकंदातल्या झोक्यांची संख्या तेवढीच असते. भुजेचे टोक पाण्याला टेकवले, तर जोराने आपटलेला काटा पाणी अधिक लांब उडवतो. नंतर आवाज विरत जातो, अगदी ऐकू येईनासा होण्याच्या बेतात येतो, आणि तोवर स्वर मात्र तोच टिकून असतो. 440 हर्ट्झचा काटा शेवटपर्यंत 440 चाच बोलतो. त्याची तीव्रता क्षणोक्षणी घटते; स्वर उतरत नाही.

इतका स्वच्छ भेद असताना बोलीत मात्र दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले आहेत. 'आवाज चढवू नका' असे म्हणताना आपल्याला मोठा आवाज अभिप्रेत असतो, 'स्वर चढा लागला' म्हणताना वरचा. 'तारस्वरात ओरडणे' यात तर दोन्ही एकत्र आहेत, मोठेही आणि वरचेही. माझ्या मते हा भाषेचा ढिसाळपणा नाही, कारण गळ्याची रचनाच तशी आहे. मोठ्याने बोलण्यासाठी आपण फुप्फुसांतून हवेचा दाब वाढवतो, त्या दाबाने स्वरतंतूंवरचा ताणही वाढतो, आणि मुद्दाम आवरले नाही तर आवाज मोठा होता होता वरही जातो. भाषेने हा रोजचा अनुभव टिपला. नादकाटा ज्या दोन गोष्टी सुट्या करून दाखवतो, त्या बोलणाऱ्याच्या गळ्यात जोडूनच येतात.

प्रकाशाच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. 'तीव्र प्रकाश' यात केवळ ऊर्जेचा अर्थ आहे, कारण प्रकाशाची वारंवारता बदलली की आपल्याला रंग बदललेला दिसतो आणि त्यासाठी रंगांची नावे आधीपासून आहेत. लाल प्रकाशाची तरंगलांबी सुमारे 700 नॅनोमीटर, तर जांभळ्याची सुमारे 400. तरंगलांबी जितकी कमी तितकी वारंवारता जास्त. संगीताच्या भाषेत सांगायचे तर जांभळा हा 'वरचा' रंग आहे. स्वर दुप्पट वारंवारतेला पोहोचला की एक सप्तक पूर्ण होते. त्या हिशेबाने 20 ते 20,000 हर्ट्झ ऐकणाऱ्या कानाला जवळजवळ दहा सप्तके लाभली आहेत, आणि डोळ्याला एकही पुरते नाही.

वरचा आणि तीव्र यांतला फरक प्रकाशात किती खोल जातो, हे सोडियमच्या स्वच्छ पृष्ठभागावर दिसते. त्यावर लाल प्रकाश कितीही तीव्र टाकला, तरी इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत. मंद जांभळा प्रकाश टाकला की लगेच पडू लागतात. प्रकाशाची ऊर्जा पुंजांच्या रूपात येते आणि एका पुंजाची ऊर्जा केवळ वारंवारतेवर ठरते, हे स्पष्टीकरण आइनस्टाइन यांनी 1905 मध्ये दिले. तीव्रता वाढवली की पुंजांची संख्या वाढते, पण एकेका पुंजाचे बळ वाढत नाही. येथे 'तीव्र' हा शब्द जांभळ्याला लावला, तर प्रयोगाचा अर्थच उलटा होईल.

म्हणून विज्ञानविषयक लेखनात 'तीव्रता' हा शब्द ऊर्जेसाठी राखावा आणि वारंवारतेसाठी 'वरचा स्वर', 'उंच पट्टी' असे प्रयोग करावेत. 'उच्च आवाज' टाळावा. तो वाचून मोठा की वरचा हे कळत नाही. विरुद्धार्थी शब्दांकडे पाहिले तरी घोटाळा टळतो: तीव्र मध्यमाला शुद्ध मध्यमाशेजारी ठेवतात, तीव्र ध्वनीला मंद ध्वनीशेजारी. या 'मंद'ची 'मंद्र'शी गल्लत होऊ देऊ नये. मंद्र सप्तक हे खालचे सप्तक आहे आणि ते दणदणीत आवाजातही गाता येते. 'मंद सप्तक' असे जे कधीकधी लिहिलेले दिसते, ती चूक आहे.