घरी केलेला लो-कार्ब बनाना ब्रेड पावसाळ्यात किती दिवस टिकतो? गव्हाचं पीठ आणि गूळ वापरला तर चालेल का?

गूळ चालणार नाही. आधी एवढंच सांगते, कारण ह्याच एका गोष्टीवरनं आमच्या घरात दोन वर्षांपूर्वी जे झालं ते अजून माझ्या डोक्यातनं गेलेलं नाही.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. माझे सासरे, अण्णा, मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात बत्तीस वर्षं दिवाणजी होते. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडला की नुसत्या रंगावरनं सांगतात, चिक्कीचा आहे का खायचा. गुळाला कुणी नाव ठेवलेलं त्यांना सहन होत नाही, आणि शुगर सतरा वर्षांची. त्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला ठरलं होतं, तारीख मिळालेली, आणि त्याच आठवड्यात वन्सं पुण्याहून आल्या त्या बनाना ब्रेड घेऊन. गव्हाचं पीठ, तीन केळी, गूळ, वर तासगावचे बेदाणे. म्हणाल्या मैदा नाही साखर नाही, अण्णांसाठी मुद्दाम लो-कार्ब केलाय. मी म्हटलं वन्सं, गूळ आहे ना त्यात, तर म्हणाल्या अगं गुळात लोह असतं, गूळ चालतो. अण्णा तर खूशच, लेकीनं केलेला आणि गुळाचा. सकाळी दोन स्लाइस, चारच्या चहाला दोन, असं चार दिवस चाललं. मी तिसऱ्या दिवशी मशीनवर बघितलं तर खाल्ल्यावर दोन तासांनी २७१. ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं की शुगर खाली आणा मग या. तारीख गेली. आणि घरात बोलणं कुणाला, तर मला, की तू घरात असून लक्ष ठेवलं नाहीस.

१०० ग्रॅम गुळात नव्वद ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात, म्हणजे रक्तातली शुगर वाढवणारी कर्बोदकं. साखरेत शंभर. लोह असेल थोडं, पण रक्तातली शुगर काय लोह बघून गप्प बसत नाही. बेदाण्यात ऐंशीच्या आसपास, म्हणजे द्राक्षातलं पाणी काढून साखर तेवढी ठेवलेली. गव्हाच्या पिठातनं फायबर वजा केलं तरी साठएक उरतात. मी तेव्हा कागदावर हिशोब मांडला होता, वन्संच्या ब्रेडची एक स्लाइस तीसेक ग्रॅम कार्बची. चपात्या दोन कमी केल्या आणि हा खाल्ला तर काय उपयोग?

मग मी हट्टानं करायला घेतला. खरं सांगायचं तर केळं आहे तिथं कार्ब शून्य होत नाहीत, एका मध्यम केळ्यात सत्तावीसेक ग्रॅम असतात, म्हणून तीन केळी घालायचीच नाहीत. एकच घालायचं पण सालीवर काळे डाग पडलेलं, पूर्ण पिकलेलं, त्याला वास आणि गोडी एवढी असते की एकात भागतं. जवारी, म्हणजे गावठी केळी, मिळाली तर छोटी दोन. २०० ग्रॅम बदामाची पावडर, चार अंडी, पन्नास ग्रॅम लोणी, दोन चमचे जवसाची पूड, दीड चमचा बेकिंग पावडर, मीठ, दालचिनी, साखरेऐवजी गोडीला थोडं स्टीव्हिया. बदाम घरीच मिक्सरला थांबून थांबून फिरवायचे, सलग फिरवले की तेल सुटतं आणि गोळा होतो. बदाम परवडत नसतील तर निम्मं शेंगदाण्याचं कूट घाला, शेंगदाण्यात कार्ब बदामापेक्षा जास्त नाहीत, वास मात्र चिक्कीसारखा येतो, अण्णांना तोच जास्त आवडला. ओटीजीला १६० वर पन्नास-पंचावन्न मिनिटं, बदाम लवकर करपतात म्हणून अर्ध्या तासानं वर फॉइल टाकायची. ह्याच्या बारा स्लाइस केल्या तर एकीत चारेक ग्रॅम. अंड्याऐवजी इसबगोल घालून मी एकदा केला होता, मधे बसला आणि आतनं चिकट राहिला, परत केला नाही.

आता टिकण्याचं. आषाढ होता, दिवसभर पाऊस, कपडे वाळत नव्हते. मी ब्रेड कोमट असतानाच स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं आणि टेबलावर ठेवला. तिसऱ्या दिवशी वन्सं आल्या, त्यांनीच डबा उघडला, स्लाइस उलटी केली तर खाली हिरवी बुरशी. सगळ्यांसमोर म्हणाल्या, माझा आठ दिवस राहिला बाहेर, तुझा तीन दिवस नाही, असलं काय घालतेस ह्यात अण्णांना? मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. स्वयंपाकघरात येऊन रडले.

उत्तर साधं होतं. गूळ, साखर पाणी धरून ठेवतात, बुरशीला ते मिळत नाही. म्हणून मुरांबा वर्षभर राहतो. वन्संचा ब्रेड गुळाच्या जोरावर टिकला आणि त्याच गुळानं अण्णांची तारीख गेली. माझ्यात साखर नाही, अंडी आणि ओलावा भरपूर, तो लवकरच खराब होणार. चूक माझी एकच, गरम झाकला, वाफ आतच पाणी झाली.

तर आता मी काय करते, भांड्यातनं काढून जाळीवर तीन तास ठेवते, पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावत नाही, नाहीतर भुगा होतो. पावसाळ्यात बाहेर फार तर तो दिवस, थंडीत दोन, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवायचाच नाही. फ्रिजमधे घट्ट झाकणाच्या डब्यात खाली-वर टिश्यू पेपर, पेपर ओला लागला की बदलायचा, पाच दिवस जातो. त्याच्यावर टिकवायचा असेल तर फ्रीजर, पण आख्खा नाही, स्लाइस करून मधे बटर पेपर घालून झिपच्या पिशवीत, दोन महिने आरामात. काढला की सरळ तव्यावर, मंद गॅस, थोडं तूप, झाकण. एकदा वितळलेला परत फ्रीजरला टाकू नका. स्टीव्हियाच्या जागी एरिथ्रिटॉल (तेही साखरेऐवजी गोडीलाच) वापरत असाल तर फ्रिजमधे त्याचे खडे होतात, दाताखाली कचकच लागते. आणि बुरशी दिसली तर तेवढा भाग कापून बाकीचा खाऊ नका, मऊ ब्रेडमधे तिचे धागे आतपर्यंत गेलेले असतात, दिसत नाहीत एवढंच.

माझा ब्रेड खाऊन अण्णांचं दोन तासांचं रीडिंग १५६ आलं होतं. दोन महिन्यांनी ऑपरेशन झालं. वन्सं अजूनही म्हणतात गोळ्यांनी उतरली. गोळी त्यांची तीच होती, मी चिठ्ठ्या जपून ठेवल्यात, मधे बदललं ते फक्त खाणं, चपात्याही कमी केल्या होत्या हे खरंय.

तुमच्याकडे कुणाला बदाम-शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर हे करू नका. आणि घरातलं माणूस इन्सुलिनवर किंवा शुगरच्या गोळ्यांवर असेल तर एकदम कार्ब कमी करू नका, शुगर फार खाली जाऊ शकते, डोस डॉक्टरांना विचारूनच ठरवा. अण्णांना पहिल्या आठवड्यातच एका संध्याकाळी ६८ आलं होतं, घाम फुटला, हात थरथरायला लागले, आणि तेव्हा मी स्वतः धावत जाऊन त्यांच्या तोंडात गुळाचा खडा घातला होता.