चंद्रगुप्त मौर्याने सेल्युकसला दिलेले ५०० हत्ती नंतर गेले कुठे?

सरळ अलेक्झांडरच्या वारसांच्या भांडणात गेले. तो वारल्यावर त्याच्या सरदारांनी (सेल्युकस त्यातलाच एक) राज्य वाटून घेतलं आणि पुढची ४० वर्षं एकमेकांच्या उरावर बसले, त्यातला अँटिगोनस सगळ्यात डोईजड झाला म्हणून बाकीचे एकत्र आले आणि इ.स.पू. ३०१ ला इप्ससला (आजच्या तुर्कस्तानात) लढाई झाली. अँटिगोनसचा पोरगा डेमेट्रियस घोडदळ घेऊन पाठलाग करत लांब गेला, परत येतो तर मधे सेल्युकसचे हत्ती उभे, घोडे पुढे जाईनात. इकडे ८० वर्षांचा म्हातारा पोराची वाट बघत मारला गेला.

इजिप्त धरून बसलेला सरदार टॉलेमी मात्र भारी चालू, लढाईला आलाच नाही पण दक्षिण सीरिया गपचूप दाबून बसला. त्यावरूनच सेल्युकस आणि टॉलेमीच्या घराण्यांत पुढे सहा युद्धं झाली. इ.स.पू. २१७ ला राफियाला (गाझाजवळ) तर दोन्हीकडे हत्ती होते, चौथ्या टॉलेमीचे (पहिल्याच्या वंशजाचे) आफ्रिकन हत्ती समोरचे भारतीय हत्ती बघून पळाले, तरी जिंकला टॉलेमीच, कारण त्याचं पायदळ टिकलं. अर्थात हे हत्ती चंद्रगुप्ताचे नव्हेत, तोवर ८०-९० वर्षं उलटली होती.